द्राक्षांवर पाय

"पाय खाली घ्या," ठकू म्हणाली.

मी एका पायावर उभा होतो. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, पाय लाल साबणाने घासघासून धुतलेले, आणि उजवा पाय टपाच्या काठावर. टपात काठोकाठ काळी द्राक्षं.

"खाली म्हणजे कुठे? टपात का जमिनीवर?"

"जमिनीवर."

"अगं, तुडवायचीत ती."

"अन्न आहे ते. अन्नावर पाय देणारं माणूस मी या घरात अजून पाहिलं नाही, आणि पाहायचंही नाही."

"अन्न कुठंय? याची वाइन होणार."

"होईल तेव्हा होईल. आत्ता द्राक्षं आहेत."

मी पाय जमिनीवर घेतला. आमच्या लग्नाला तेव्हा तीसेक वर्षं झाली होती. कुठे वाद घालायचा आणि कुठे पाय खाली घ्यायचा, हे मला कळायला लागलं होतं.

दिंडोरी तालुक्यात आमची टेकवाडी. वाडीतलं शेवटचं घर माझं, आणि घराच्या मागून लगेच डोंगर चढायला लागतो. त्या उतारावर नुसता मुरूम. कुळीथ पेरला तर तोही उपकार केल्यासारखा यायचा. मी खाली रस्त्यालगतच्या वाइनच्या कंपनीत छाटणीला जात होतो. छाटलेल्या काड्या तिथे ढिगाने पडत. त्यातल्या चांगल्या बघून मी पोत्यातून घरी आणल्या, पिशव्यांत रुजवल्या आणि उतारावर चार ओळी लावल्या. पाणी घागरीने घातलं. तिसऱ्या वर्षी घड धरले. मणी वाटाण्याएवढे, जाड सालीचे, निम्मा मणी बीच. खायला कोणी घेणार नाही अशी द्राक्षं. पण आमचे कंपनीतले साहेब एकदा वर येऊन दोन मणी तोंडात टाकून म्हणाले, "खंडू, ही विकू नकोस. घरीच वाइन कर. खडकातली आहेत, अशांचीच चांगली होते."

कसं करायचं ते मी बघून बघून शिकलो होतो. द्राक्षं फोडायची, सालीसकट बरणीत ठेवायची, रोज ढवळायची, मग गाळायची. फोडायला कंपनीत यंत्र होतं. माझ्याकडे पाय होते.

ठकूचा वाइनला विरोध नव्हता, हे सांगायला हवं. कोट घातलेले लोक जी गाडीतून उतरून पितात ती दारू नव्हे, काहीतरी काढा असावा, असं तिचं ठाम मत होतं. विरोध होता तो पायाला. आमच्याकडे चुकून ताटाला पाय लागला, तर माणसाने ताटाला हात लावून नमस्कार करायचा. वाळत घातलेल्या ज्वारीवरून चाललेल्या एका पाहुण्याला तिने मागे बोलावून पुन्हा बाजूने चालायला लावलं होतं. तो तिचा सख्खा भाऊ होता.

"कंपनीत मुंबईचे लोक येऊन तुडवतात," मी म्हणालो. "वर पैसे देतात."

"त्यांना पैसे जास्त झालेत," ठकू म्हणाली, आणि अंगणात बांधलेल्या शेळीकडे वळली. "मोरे, घरात सांग, चूल पेटवायची वेळ झाली."

घरातून आवाज आला, "पेटवली म्हणावं."

आता हे मोरीचं प्रकरण सांगतो, कारण खरा घोर मला द्राक्षांचा नव्हताच.

आमचा एकुलता एक सोपान नाशिकला कारखान्यात कामाला. एकदा यंत्रात त्याचं बोट सापडलं. दवाखान्यात पट्टी बांधणारी नर्स अकोल्याकडची होती. बोट महिन्याभरात बरं झालं, पण सोपान पट्टी बदलायला वर्षभर जात राहिला. मग दोघांनी कचेरीत सह्या करून लग्न केलं आणि पौषात एके दिवशी दोघं घरी आली. पोरीचं नाव प्रणिता. उंच, धीट, कामाला वाघ. तिचं कुठे चुकत होतं ते मला काही दिसेना, पण ठकू तिच्याशी बोलत नव्हती. एक शब्द नाही. भांडण नाही, टोमणा नाही. काही सांगायचं असलं की मला सांगायची, मी नसलो की मोरीला. पुढे पुढे मी असलो तरी मोरीलाच. प्रणिताही हुशार. तीसुद्धा मोरीमार्फत उत्तर द्यायला शिकली. दोघींच्या मध्ये ती शेळी इतकं ऐकायची की तिचं चरण्यावरचं लक्ष उडालं.

मी कारण शोधत होतो. जात वेगळी म्हणून असेल म्हणावं, तर ठकूने स्वतः चार घरची लग्नं तशी जमवून दिलेली. प्रणिता भाजीत तिखट फार घालते म्हणून असेल, तर ठकू दोनदा वाढून घ्यायची. विचारलं की म्हणायची, "मी कुठे काय म्हणाले?" ते खरंच होतं. ती काहीच म्हणत नव्हती.

द्राक्षं तोडली त्याच्या आदल्या दिवशी प्रणिता मला मळ्यात म्हणाली, "मामा, एक सांगू? राग नका येऊ देऊ."

"सांग."

"नाशिकात सातपूरला एक खोली पाहून ठेवली यांनी. मी होळीपर्यंत वाट पाहणार. आत्याबाई माझ्याशी बोलल्या तर ठीक, शिव्या दिल्या तरी चालतील. नाही तर आम्ही जातो. शेळीशी किती दिवस संसार करू मी?"

होळी तोंडावर आली होती. खोलीवर गेलेली पोरं परत येत नाहीत, हे मी वाडीत पाहिलं होतं. म्हणजे त्या आठवड्यात मला दोन गोष्टी साधायच्या होत्या. द्राक्षं फोडायची आणि ठकूचं तोंड उघडायचं. दोन्ही माझ्या हातातलं नव्हतं.

पाय नाही म्हटल्यावर मी हाताने सुरुवात केली. सकाळ गेली तरी पाव टप झाला नाही, आणि बोटं अशी आंबली की पाण्याचा तांब्या धरवेना. ठकूने मुसळ आणून दिलं. मुसळाने बिया फुटतात आणि सगळं कडूजहर होतं. ते मी एका पातेल्यात करून तिला चाटवलं, तेव्हा तिने मुसळ परत नेलं.

"मग बैल लावा," ती म्हणाली.

"कशाला?"

"तुडवायला. खळ्यावर धान्य बैलाच्याच पायाखाली जातं ना? त्याला कधी कोणी दोष दिला? बैलाचा पाय चालतो."

यात मला खोट काढता येईना. मी शेजारच्या कचरूआप्पाकडे गेलो. तो म्हणाला, "बैल देतो. पण पिऊन पडले तर घरी तू आणून सोडायचे."

अंगणात ताडपत्री अंथरली. ठकूने बैलांचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं. तोंडाला जाळीच्या मुसक्या बांधल्या. अर्धी द्राक्षं ताडपत्रीवर ओतली आणि आप्पाने बैल वर घातले. एक सरदार, एक गुलाब.

सरदारने पहिलं पाऊल टाकलं, पायाखाली काहीतरी गार आणि निसरडं फुटलं, आणि तो जागच्या जागी थांबून आप्पाकडे बघायला लागला. आयुष्यभर या माणसावर विश्वास ठेवला ते चुकलंच, असा त्याचा चेहरा. आप्पाने शेपूट पिळली. सरदार घसरला, मागचे पाय दोन दिशांना गेले, आणि तो द्राक्षांत बसला. बसला तो बसलाच. बसल्या बसल्या मुसकीच्या जाळीतून जीभ लांब काढून त्याने जेवढं पोहोचेल तेवढं साफ केलं.

"गुलाबला तरी फिरव," मी म्हणालो.

गुलाब फिरला. एक फेरी शहाण्यासारखी घेतली. मग बरोबर मध्यावर येऊन उभा राहिला आणि बैलाला जे करावंसं वाटतं ते त्याने सुरू केलं. सावकाश, मन लावून, बराच वेळ. आम्ही सगळे बघत उभे. थांबवणार कसं?

बऱ्याच वेळाने ठकू म्हणाली, "गोमूत्र आहे. पवित्रच असतं."

"वहिनी," आप्पा म्हणाला, "गोमूत्र गाईचं असतं."

ओट्यावर प्रणिता फुटली. तोंडात पदर कोंबूनही तिचं हसू आवरेना. या घरात ती हसलेली मी पहिल्यांदा ऐकली. ठकूने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि पटकन मोरीकडे तोंड केलं. ठकूचे खांदे हलत होते, हे मी पाहिलं. पण ती बोलली नाही.

ताडपत्रीवरची द्राक्षं उकिरड्यावर गेली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या अर्ध्यांवर गांधीलमाश्या घोंघावायला लागल्या. खालच्या मण्यांना आंबूस वास सुटला होता. आज फोडली नाहीत तर संपलं. मी ओट्यावर डोक्याला हात लावून बसलो. ठकू तांदूळ निवडत होती. टप दाराच्या आत घेतला होता आणि प्रणिता त्यावरच्या माश्या हाकत होती. ती मोरीला म्हणाली, "मोरे, एक विचारून पाहा. माणसाचा पाय अन्नाला कधीच लागत नसते का? कधी म्हणजे कधीच?"

ठकू तांदळातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "तिला सांग, लागतो. आयुष्यात एकदा. नवी नवरी दारात माप ओलांडते तेव्हा. तांदळाच्या मापाला पाय लावून तीच आत सांडते. तेव्हा तो पाय माणसाचा नसतो, लक्ष्मीचा असतो."

"मग ही आहे की नवी," मी म्हणालो. "दोन महिने म्हणजे काय जुनी झाली?"

"ही आली कधी?" ठकू म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अगं, पौषात नाही का आली?"

"मी नाही पाहिली येताना." तिने सूप खाली ठेवलं. ती आता मोरीकडेही बघत नव्हती, समोरच्या तांदळाकडे बघत होती. "मी दिवसभर लोकांच्या द्राक्षबागेत मण्यांची विरळणी करून आले. हातपाय चिखलाचे. दार उघडं. आत बघते तर एक पोरगी चुलीपाशी बसलेली. उठली आणि मलाच पाण्याचा तांब्या दिला. माझ्या घरात मला, पाहुणी आल्यासारखा. चौकटीवरची किल्ली काढून दोघं आत शिरली होती. एकच पोरगा मला. सून दारात उभी राहील, मी ओवाळीन, ती माप ओलांडेल, एवढं एक मी मनाशी धरून होते. लग्न कचेरीत करा नाही तर विमानात करा. पण घरात येताना मला दाराशी उभं तरी राहू द्यायचं. जी आलीच नाही तिच्याशी मी काय बोलू?"

प्रणिताचा माश्या हाकणारा हात थांबला. "मले काय माहीत, मामा," ती हळूच म्हणाली. "हे म्हणाले, आई रात्री येते, चल आत."

ठकू उठली, लुगड्याला हात पुसले आणि म्हणाली, "मोरे, तिला म्हणावं, बाहेर हो."

"ठके," मी म्हणालो.

"घराबाहेर हो म्हणावं. पिशवी पण घे म्हणावं, आली होती ती."

प्रणिता उभी राहिली. ती रडली नाही. आत गेली, निळी पिशवी घेऊन आली आणि पायऱ्या उतरून रस्त्याला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी ठकूवर आवाज चढवला. "हे बरं नाही. पोरीचं काय चुकलं? ती जाणार असेल तर मी पण चाललो."

"हो, तुम्ही पण व्हा बाहेर," ठकू म्हणाली. "मध्ये मध्ये नको तुमचं." आणि तिने दार लावून आतून कडी घातली.

आम्ही दोघं रस्त्यावर उभे राहिलो. प्रणिताने विचारलं, "मामा, अकोल्याची गाडी नाशिकहून केव्हा आहे?"

मला माहीत नव्हतं. आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज येत होता. मला वाटलं ठकू कपाट दाराला लावतेय.

कचरूआप्पा बैल पाण्यावर घेऊन चालला होता. "उन्हात का उभे?" तो म्हणाला.

"बाहेर काढलं."

"दोघांना?"

"दोघांना."

आप्पाने गुलाबकडे पाहिलं. "माझ्या गोठ्यात जागा आहे. गुलाबच्या बाजूला झोपू नका म्हणजे झालं."

तेवढ्यात कडी वाजली. दार उघडलं. दारात उंबऱ्याला लागून आतल्या बाजूला तो टप होता, उरलेल्या द्राक्षांचा, चौकटीत असा घट्ट बसलेला की मांजर गेलं नसतं. त्याच्या मागे ठकू उभी होती. तिने ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून नेसलं होतं. डांबरगोळ्यांचा वास रस्त्यापर्यंत आला. हातात ताट, ताटात दिवा, कुंकू, भाकरीचा तुकडा.

"आप्पा, बैल बाजूला घ्या," ती म्हणाली. "आमची सून येतेय."

प्रणिता जागची हलेना. तिने माझ्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या मोरीकडे पाहिलं.

"मोरीकडे काय बघतेस?" ठकू म्हणाली. "तुला सांगतेय मी. ये."

प्रणिता पिशवी घेऊन उंबऱ्यापाशी आली. ठकूने टपावरून वाकून भाकरतुकडा तिच्यावरून उतरवून टाकला, ओवाळलं, कुंकू लावलं. मग ऊन पाण्याची घागर टपावरून माझ्या हातात दिली आणि मला पाणी घालायला लावलं.

"पाय धू. नर्स आहेस ना, नीट घास. नखं दाखव."

प्रणिताने नखं दाखवली.

"बरी आहेत. आता उजवा पाय आधी."

"आत्याबाई, पूर्ण आत घालू? टपात?"

"मग काय वरून उडी मारणार आहेस? पण थांब. नाव घे आधी. नाव घेतल्याशिवाय कोणी आत येत नसतं."

एव्हाना वाडीतल्या पाच-सहा बायका जमल्या होत्या. उखाणा म्हटल्यावर सगळ्या पुढे सरकल्या. प्रणिताने एक पाय टपात ठेवला, दुसरा ठेवला, द्राक्षांत घोट्यापर्यंत गेली, आणि चौकटीला धरून म्हणाली,

"टपातल्या द्राक्षांनी पाय झाले ओले,
सोपानरावांचं घर आज माझ्याशी बोले."

बायका हसल्या. ठकू हसली नाही. तिने ताट माझ्या हातात दिलं आणि पदराने नाक पुसलं. "बरा आहे," म्हणाली. "घाईतला आहे, पण बरा आहे. आता तुडव."

प्रणिताने तुडवायला सुरुवात केली. मी बाहेरून सांगत होतो, हळू, टाचेने नको, बिया फुटतील. ठकू आतून सांगत होती, जरा जोर लाव, अकोल्यात जेवत नव्हतीस का. साली फुटत होत्या, काळा रस वर येत होता. माश्या, बायका आणि कचरूआप्पा सगळे दाराशी.

सोपान पहिली पाळी करून घरी आला तेव्हा हे चाललेलं. त्याने गर्दीतून मान काढून पाहिलं. बायको दारात उभी, पोटऱ्यांपर्यंत जांभळी.

"आई, मी आत कसा येऊ?"

"मागच्या दाराने ये," ठकू म्हणाली. "तू कुठे नवा आहेस? आणि ये लवकर. किल्ली काढून नवरी चोरासारखी आत घालणाऱ्याशी मला जरा बोलायचंय."

तो गेला तो सावकाशच गेला.

ऊन कलेपर्यंत प्रणिता तुडवत होती. शेवटी टपात नुसता रस आणि साली राहिल्या. ती दमली होती, केस सुटले होते. पाय हलवत ती म्हणाली, "आत्याबाई, झालं वाटते. येऊ का बाहेर?"

"बाहेर कशाला?" ठकू म्हणाली. "आत ये."

ती आत आली. नव्या शहाबादी फरशीवर दारापासून चुलीपर्यंत जांभळी पावलं उमटली. ठकूने ती एक एक करत पाहिली, आणि दोन महिने साठवलेला आवाज लावला. "प्रणिता, अगं ए प्रणिता, ही फरशी आता कोण पुसणार?"

"मी पुसते, आत्याबाई."

"तूच पुसणार. आणि चूल विझलीये ती पण बघ. सून घरात आली तरी मलाच सगळं सांगावं लागतंय."

त्या रात्री ठकू जेवणं होईपर्यंत तिला रागवत होती. मीठ, भांडी, पदर, काही सोडलं नाही. प्रणिता पाटावर बसून दिवाळी असल्यासारखी ऐकत होती. सातपूरची खोली दुसऱ्या कोणीतरी घेतली.

वाइन झाली. दोन लोणच्याच्या बरण्या भरल्या. साहेबांनी पेलाभर पिऊन डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत, त्यामुळे आवडली की नाही ते मला कळलं नाही. पण जाताना त्यांनी बाटली मागून नेली. कचरूआप्पा म्हणाला की बैलांनी केलेलीला जास्त धार आली असती. ठकूने खोकल्यावर म्हणून एक चमचा घेतला, जीभ फिरवली आणि म्हणाली, "पोरीला पायगुण आहे."

पुढच्या वर्षी घड दुप्पट धरले. तोडणीला पंधरा दिवस राहिले तेव्हा मी भीतभीत विषय काढला. "ठके, यंदा कसं करायचं? माप तर आयुष्यात एकदाच, आणि आपली सून आता जुनी झाली. वाडीत यंदा कोणाचं लग्न पण नाही."

ठकूने दारातल्या उंबऱ्याकडे पाहिलं. "प्रणिताला आठ दिवस अकोल्याला पाठवा," ती म्हणाली.

"का? काय केलं तिने?"

"काही नाही केलं," ठकू म्हणाली. "गेल्याशिवाय येणार कशी?"